तुराटीची काडी आणि जपानी छत्री

"बंद करा! बंद करा ते, बाबा! खोटं आहे सगळं, धादांत खोटं!"

माझी मुलगी पल्लवी टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होती. हातात रिमोट, आणि तो असा उगारलेला की आता माझ्याच टाळक्यात बसतो की काय असं वाटलं. दिवाळीच्या पाडव्याची दुपार. ताटातल्या करंज्या तशाच. मागं गादीवर माझी वहिनी बसलेली, म्हणजे माझ्या वारलेल्या मोठ्या भावाची बायको. तिला मी खास शिरड शहापूरहून बोलावून घेतलं होतं, दादाचा निरोप ऐकवायला. आणि टीव्हीवर एक काळी जपानी छत्री उघडी पडलेली, तिच्यावर धो धो पाऊस.

"बाबा, तो म्हातारा एवढंच विचारतो: पाऊस थांबला का? बस. खाली इंग्लिशमध्ये तेवढंच लिहिलंय. पुढं अर्धा मिनिट नुसता पावसाचा आवाज आहे. कुणी काही बोलतच नाही! कुठला निरोप घेऊन बसलात?"

वहिनीनं पदर सारखा केला आणि माझ्याकडं बघितलं. ते बघणं... असो. पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस छत्रीवरून थेट मेलेल्या भावावर कसा गेला.

तर मंडळी, मी दिगंबर. कळमनुरीत माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची, हा धंदा. माझ्या हातची मोटार विहिरीत सोडली की कयाधू नदी उलटी वाहते असं लोक म्हणतात. (लोक म्हणजे मी.) भुताखेतांवर माझा कवडीचा विश्वास नाही आणि त्याला कारण आहे... या भागातली निम्मी भुतं मीच सोडलेली आहेत. नांदेड रस्त्यावर वडाखाली उभी राहून लिफ्ट मागणारी ती हिरव्या साडीतली बाई? माझी. घरी जायला उशीर झाला म्हणून बायकोला सांगितली होती. पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकानं तीच बाई मला स्वतःच्या डोळ्यांनी बघितली म्हणून सांगितली, वर तिच्या पायांचं वर्णनही केलं! ज्याच्या घरी भट्टी आहे तो दुसऱ्याच्या दारूला काय भुलणार? त्यामुळं आता जे सांगतोय त्यात मीठमसाला घालायचा मला मोह होतोय, पण घालत नाही. एकदाही नाही. जिथं घालीन तिथं स्वतःच सांगीन.

माझ्या दुकानाला लागून युनूसचं टेलरिंगचं दुकान. तीस वर्षांची दोस्ती. माणूस इतका शांत की शिलाई मशीन जास्त बोलतं. मध्ये चार वर्षं कुवेतला शिवणकामाला होता. परत आल्यावर गावात मी सांगून टाकलं, युनूसनं तिथल्या शेखाचा सूट शिवला, शेखाबरोबर चहा पीत इंग्लिशमध्ये गप्पा मारल्या. युनूस नुसता हसायचा. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं, ते काय कमी झालं?

दोन वर्षांमागं समोर भाड्यानं राहणारे बँकेतले एक साहेब बदली होऊन गेले. जाताना नको असलेलं सामान माझ्याकडं टाकलं. एक टेबल फॅन, एक मिक्सर, एक डीव्हीडी प्लेअर आणि खोकाभर डिस्क. तेरा डिस्क, एकेका डिस्कवर दोन भाग. कार्टूनच होतं, पण लहान लेकरांचं नाही. पल्लवी मागून म्हणाली, "बाबा, याला अ‍ॅनिमे म्हणतात." असेल. बोलणं सगळं जपानी, खाली इंग्लिश अक्षरं पळतात. नाव जपानीत, म्हणून आम्ही त्याला छत्र्यांची सिरियल म्हणायचो. त्यात एक पोरगी मोडक्या छत्र्या दुरुस्त करते. एकेका छत्रीत एकेका मेलेल्या माणसाचं अर्धवट राहिलेलं बोलणं अडकलेलं असतं. पोरगी काडी बसवते, कापडाला टाका घालते, छत्री उघडते... आणि आतून आवाज येतो. काय डोकं लावलंय बघा त्या जपान्यानं! मला आवडलं. मीही दुरुस्तीवाला, युनूसही टाके घालणारा.

शुक्रवारी नमाज पढून आला की युनूस चार वाजेपर्यंत दुकान उघडत नाही. त्याचं मशीन बंद पडलं की मला करमत नाही. मग मीही शटर अर्धं ओढायचो आणि आम्ही दोघं वरच्या खोलीत. तो खिशातून भाजक्या शेंगा काढायचा, मी डिस्क लावायचो. पहिल्या शुक्रवारी मी म्हणालो, "युनूस, तू कुवेतवाला. सांग बरं, काय म्हणतेत हे?"

त्यानं माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, मोठ्या आवाजात, एकेक वाक्य सांगायला लागला. मला वाटलं मान देऊन राहिला. दर शुक्रवारी तसंच. अर्धा वेळ तर तो मान खाली घालून कुणाच्यातरी सदऱ्याची काजं करत असायचा, तरी एक वाक्य चुकायचा नाही. मी म्हणायचो, वा रे कुवेतचं इंग्लिश, नुसत्या तिरक्या नजरेत ओळ वाचून होते! माझं तोंड अर्थातच चालूच. ती पोरगी टाका चुकली, तो खांब असा उभा राहणार नाही, तिच्या जागी मी असतो तर... युनूस माझ्या बोलण्याच्या फटीतून त्यांचं बोलणं सरकवायचा.

आता दादाचं सांगतो. इथं हसू नका.

दादा शिरड शहापूरला शेती बघायचा. त्याच्या विहिरीची मोटार जळाली, मी बांधून दिली. नऊ दिवसांत परत जळाली. दादा ती पिकअपमध्ये घालून दुकानात आला. दुकानात पाच गिऱ्हाइकं. (पाचच. मी एरवी पन्नास सांगतो.) तो पायरीवरून एवढंच म्हणाला, "दिगू, मोटार जळाली रे."

झालं. माझ्या हातची मोटार नऊ दिवसांत, तीही चारचौघांत! मी जो सुटलो... तुझ्या विहिरीत खोट, तुझ्या वायरीत खोट, तुला मोटार चालवायची अक्कल न्हाई, लहानपणापासून माझं नाव खराब करून राहिलास. काय काय बोललो. दादानं दोनदा तोंड उघडलं. दोनदा मिटलं. मग मोटार पायरीवर ठेवली आणि गेला. अकराव्या दिवशी बांधावर बसल्या बसल्या त्याचं हृदय थांबलं.

विहिरीच्या मोटारीला तीन फेज लागतात. बरेचदा दोनच येतात. दोन फेजवर स्टार्टरचं बटण टिकत नाही, सुटतं. मग आपली माणसं कंडेन्सर जोडतात आणि बटण सुटू नये म्हणून त्याच्या फटीत काहीतरी खोचतात. पाणी येतं खरं, पण आत मोटार भाजत राहते. अशी भाजलेली मोटार उघडली की बघताक्षणी कळतं. तारेचे तीन वाटे असतात, फेजला एक; त्यातले दोन वाटे कोळसा, तिसरा वाटा नव्या तांब्यासारखा लकाकत असतो. आणि बांधणाऱ्याच्या हाताची चूक असेल तर तेही कळतं.

म्हणजे मला नुसतं झाकण उघडायचं होतं. चार बोल्ट. सव्वा वर्ष ती मोटार माझ्या बाकड्याखाली गोणपाट पांघरून पडून होती, मी उघडली नाही. माझी चूक निघाली तर? मग मी दादाला कशासाठी बोललो? आणि दादा त्या दिवशी पायरीवर काय सांगणार होता? भांडायला आला होता, शिव्या द्यायला आला होता, की अजून काही? ते तर मोटारीतही लिहिलेलं नव्हतं.

बाविसावा भाग. भर उन्हाळ्यातला शुक्रवार, दुपारचे अडीच. पोरीनं एका काळ्या छत्रीला काडी बसवली. छत्री उघडली. पाऊस. म्हाताऱ्या माणसाचा आवाज. मी नेहमीप्रमाणं बोलतोय, की ही काडी लोखंडी पाहिजे होती, बांबूची टिकत न्हाई...

"म्हणतो, पाऊस थांबला का," युनूस काज करता करता म्हणाला. मग त्याचा हात थांबला. "म्हणतो, चूक तुझ्या हाताची न्हवती. मीच दोन फेजवर चालवली. बटणात तुराटीची काडी खोचली होती. निसटून राहिली होती म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तिला."

"जपानात तूर कुठली अन् तुराट्या कुठल्या?" मी हसलो. सवयीनं हसलो. मग हातातल्या शेंगा खाली ठेवल्या.

"म्हणतो, हेच सांगायला आलो होतो, पण..."

युनूसनं माझ्याकडं बघितलं.

"पण काय?"

"पण... बस. पाऊस पडून राहिला आता."

मी खाली गेलो, गोणपाट काढलं, चार बोल्ट उघडले. दोन वाटे काळे ठिक्कर. तिसरा वाटा लकलक. माझी बांधणी बराबर होती. मी तिथंच बाकड्याखाली बसून रडलो. किती वेळ ते सांगत नाही, कारण खरं सांगितलं तरी तुम्ही म्हणाल वाढवून सांगतोय.

पुढचे पाच महिने माझ्यासारखा हलका माणूस जिल्ह्यात नव्हता. दादा भांडायला नाही, कबूल करायला आला होता! ज्याला त्याला सांगितलं. दुकानात, टपरीवर, कळमनुरीच्या आठवडी बाजारात. आणि दिवाळीला पल्लवी नांदेडहून कॉलेजच्या सुटीला आली, तेव्हा वहिनीला बोलावून, गादी घालून, तोच भाग लावला. युनूसची वाक्यं त्याच्याच आवाजात मी म्हणून दाखवली... आणि मग ते, वर सांगितलेलं. "खोटं आहे सगळं!"

पल्लवी भलती चिकट. तिनं मला बसवून दुसरे चार भाग लावले. "युनूसचाचांनी इथं काय सांगितलं होतं?" मी सांगायचो, ती खालचं वाचायची. शब्दाला शब्द. तिसरा भाग, बराबर. नववा, बराबर. सोळावा, बराबर. फक्त ही एक जागा. बाविसाव्या भागातला तो अर्धा मिनिट.

"म्हणजे त्यांनी मुद्दाम घातलं, बाबा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

टेलर माणूस. फाटलं दिसलं, ठिगळ मारलं.

मंडळी, शिवी परवडली असती. माझ्या मेलेल्या भावाच्या तोंडात यानं स्वतःचे शब्द घातले, आणि मी ते गावभर मिरवले. वहिनीपुढं मिरवले! मी खाली उतरलो आणि भर रस्त्यात, भाऊबीजेच्या खरेदीला आलेल्या लोकांसमोर, युनूसच्या काउंटरवर हात आपटून ओरडलो, "दगाबाज! थापा मी मारतो, पण कुणाच्या मयतावर मारत न्हाई! आजपासून तुझा माझा संबंध संपला!" त्याच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं तोवर मी शटर ओढून आत गेलो होतो.

तो शुक्रवार तसाच गेला. काळ्या छत्रीनंतर मी नवी डिस्क लावलीच नव्हती, शुक्रवारी नुसत्या शेंगा आणि गप्पा; शेवटच्या दोन डिस्क तशाच राहिल्या होत्या. मी खालीच बसून राहिलो, तिकडं त्याचं मशीनही बंद. घड्याळाची टिकटिक ऐकायची मला सवय नाही हो.

शनिवारी वहिनीला मोटारसायकलवर घरी सोडायला गेलो. शेताजवळ आल्यावर म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? ते त्या दिवशी तुमच्याकडून आले अन् जेवले न्हाईत. म्हणले, दिगूला सांगायचं राहून गेलं."

"काय सांगायचं?"

"ते न्हाई सांगितलं. मी बी इचारलं न्हाई."

विहिरीवर गेलो. दादा गेल्यापासून ते रान कुणी भिजवलं नव्हतं. स्टार्टरची लोखंडी पेटी, तिला दादाचं कुलूप. किल्ली वहिनीच्या जुडग्यात. कुलूप गंजलेलं, तेल सोडून उघडलं. वीज तोडलेली होती तरी मी आधी सवयीनं टेस्टर लावला. मग झाकण उघडलं.

बटणाच्या फटीत तुराटीची काडी. वीतभर. आणि तिच्या टोकाला काळी, वाळून तडकलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी.

दोन फेजवर चालवली हा अंदाज कुणीही केला असता, निम्मा जिल्हा चालवतो. पण ही पट्टी? वहिनीला माहीत नाही. मला माहीत नाही. कुलूपबंद पेटीतली ही पट्टी कळमनुरीच्या टेलरला कशी माहीत?

एकच उत्तर होतं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. दादानं त्याला सांगितलं होतं. माझ्या पायरीवरून उतरला आणि शेजारच्या दुकानात जाऊन मन मोकळं केलं. आणि युनूसनं सव्वा वर्ष ते पोटात ठेवलं, मला बाकड्याखालच्या गोणपाटाकडं बघत जगताना बघितलं, आणि मग एके दिवशी शेंगा खात खात, जपानी म्हाताऱ्याच्या नावावर, ते माझ्यापुढं टाकलं. परत येताना मी मोटारसायकल कशी चालवली मला आठवत नाही.

काडी त्याच्या काउंटरवर ठेवली.

"दादा तुला भेटला होता. खरं सांग."

युनूसनं काडी बघितली, पट्टीला बोट लावलं. "कधी?"

"माझ्याकडं आला त्या दिवशी. न्हाईतर नंतर."

"मी नांदेडला होतो, दिगू. पोरीचं बाळंतपण. महिनाभर दुकानाला कुलूप. तुझ्या दादाच्या दहाव्याला पोचलो मी."

हे खरं होतं. त्या दिवसांत त्याच्या गिऱ्हाइकांना "युनूस नांदेडला गेला" हे मीच सांगत होतो.

"फोन केला असंल त्यानं."

"माझा नंबर तुझ्या दादाकडं काहून असंल?"

"मग हे काडीचं वाचलं कुठून तू? पल्लवी म्हणते असं काही लिहिलेलंच न्हाई!"

"वाचलं?" युनूसनं सुई उशीत खोचली. "मला इंग्लिश कुठं वाचता येतं?"

"चार वर्षं कुवेतला..."

"कुवेतला आमच्या शेडमध्ये सगळे हैदराबादचे. इंग्लिश कोण बोलून राहिलं होतं? शेखाचा सूट तू शिवला, दिगू. मी चार वर्षं कामगारांच्या पँटी शिवल्या."

"मग इतके शुक्रवार सांगत काय होतास?"

"ते बोलतेत तेच." त्यानं ते असं सांगितलं जसं आपण आज शनिवार आहे म्हणून सांगतो. "आपल्यासारखंच तर बोलतेत. तू पहिल्या दिवशी इचारलं काय म्हणतेत, मला वाटलं मोटारींच्या घरघरीनं तुझे कान गेले. तोंडावर बहिरा कसं म्हणायचं माणसाला? म्हणून मोठ्यानं सांगून राहिलो. आवाजाची बी तकलीफ झाली मला."

मी त्याचं मनगट धरून वर नेलं. टीव्हीकडं पाठ करून बसवला. पहिली डिस्क लावली. भिंतीकडं बघत त्यानं धडाधड सांगितलं, सगळं, जसंच्या तसं. मला ऐकू येत होतं ते निव्वळ जपानी. मग काळ्या छत्रीचा भाग लावला.

"म्हणतो, पाऊस थांबला का," युनूस म्हणाला आणि थांबला.

"पुढं?"

"पुढं काही न्हाई. पाऊस."

तीनदा लावला. तिन्ही वेळा पाऊस.

पल्लवीचं म्हणणं, चाचांनी कधीतरी त्या शेतात जाऊन पेटी बघितली असेल. कुलूप? "काकांनीच कधीतरी उघडं ठेवलं असेल." ती शिकलेली आहे, तिला काहीतरी म्हणावंच लागतं. ती काडी माझ्या बाकड्यावर खिळ्याला टांगलेली आहे, ज्याला बघायची त्यानं येऊन बघावी.

निरोप मिळाला ना, मग रडतोस कशाला, असं तुम्ही म्हणाल. मिळाला. पण एकाच गादीवर आम्ही दोघं बसलो होतो, आमच्या मध्ये हातभर जागा. एक परका टेलर आणि एक सख्खा भाऊ. सव्वा वर्ष मी ज्या एका वाक्यासाठी जळत होतो ते वाक्य घेऊन दादा कुठून कुठून, जपानच्या छत्रीतून वाट काढत माझ्या खोलीपर्यंत आला... आणि बोलला ते युनूसशी? मला जपानी, आणि त्याला घरचं? युनूसनं दगा दिला नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं, आणि त्यानं माझं भलं झालं नाही. निदान युनूसशी मला भांडता तरी आलं असतं.

खाली आलो. तो मशीनवर बसला, मी पायरीवर. त्याच पायरीवर.

"युनूस," मी म्हणालो, "माझे कान शाबूत हायेत. मोटारीचं बेअरिंग नुसत्या आवाजावरून ओळखतो मी. मी तुझ्या शेजारीच होतो. माझा भाऊ होता तो. मग मला काहून ऐकू आलं न्हाई?"

त्यानं सुईत दोरा ओवला, गाठ मारली, दातानं तोडली.

"तू गप कधी बसला, दिगू?"